फुगलेल्या नळीचा माग

"बाळाच्या किडनीला सूज आहे."

मालेगावात सोनोग्राफी करून बाहेर पडणाऱ्या एखाद्या गरोदर बाईच्या हातात इंग्रजी रिपोर्ट असतो आणि कानात हे एक वाक्य. यंत्रमागावर काम करणाऱ्या, उर्दू-हिंदी बोलणाऱ्या घरात त्याचं 'सूजन' होतं, मराठी घरात 'सूज' राहतं. घोटाळा या शब्दापासूनच सुरू होतो. सूज म्हटलं की आपल्याला मुका मार, जंतू, ठणका आठवतो; हळदीचा लेप आणि पथ्य आठवतं. घरातली वडीलधारी मंडळी सुनेला विचारू लागतात, उष्ण काही खाल्लं होतंस का, वजन उचललं होतंस का. त्या बाईचा यात काडीचाही दोष नसतो. बाळाच्या किडनीला मार लागलेला नसतो, ती दुखतही नसते. तिच्यात लघवी साठते आहे आणि त्यामुळे ती फुगली आहे, एवढाच त्या वाक्याचा अर्थ. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर पाणी तुंबलंय.

तुंबलेल्या पाण्याचा माग कसा काढायचा, हे या भागाला शिकवायला नको. मोसम आणि पांझरेच्या खोऱ्यांत दगडी बंधाऱ्यांवरची फड पद्धत तीनशेहून अधिक वर्षं चालत आली आहे. बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या आणि त्यावर नजर ठेवायला पाटकरी. पाट एखाद्या जागी काठोकाठ भरला, तर पाटकरी तिथेच उभा राहत नाही, तो कडेकडेने खाली चालत जातो. जिथवर पाट फुगलेला आहे तिथवर वाट मोकळी आहे. जिथे तो एकदम बारीक झाला, तिथे काहीतरी अडकलं आहे. तान्ह्या मुलाची किडनी फुगलेली दिसली की रेडिओलॉजिस्टही असाच खाली उतरतो. त्याचा पहिला प्रश्न असतो, किडनीखालची नळी फुगली आहे का? फुगली असेल तर कुठपर्यंत?

ही नळी म्हणजे मूत्रवाहिनी, डॉक्टरांच्या तोंडी युरेटर. प्रत्येक किडनीची एक. नवजात बाळात ती जेमतेम सहा-सात सेंटिमीटर लांब असते, मोठ्या माणसात पंचवीस ते तीस. तिला नुसता पाइप समजणं ही पहिली चूक. तिच्या भिंतीत स्नायू आहेत आणि ते वरून खाली लाटेसारखे आकुंचन पावतात. लघवी किडनीतून मूत्राशयात सलग वाहत नाही, घोटाघोटाने ढकलली जाते. एक घोट गेला की नळी पुन्हा मिटते. म्हणूनच निरोगी मूत्रवाहिनी सोनोग्राफीत सहसा दिसतच नाही. मिटलेली बारीक नळी, तिच्या पुढ्यात आतड्यातला वायू, दिसणार कशी? रिपोर्टमध्ये 'मूत्रवाहिनी दिसली नाही' असं लिहिलेलं वाचून घाबरून परत डॉक्टरकडे धावणारे आईबाप असतात. त्यांना कोणीतरी शांतपणे सांगायला हवं की ही चांगली बातमी आहे.

दिसली, आणि दिसतच राहिली, तर मात्र ती मोजावी लागते. मुलांमध्ये तिची जाडी साधारण पाच मिलिमीटरच्या आत असते. मूत्राशयाच्या मागे ती सात मिलिमीटर किंवा त्याहून जास्त भरली, म्हणजे शाळेतल्या शिसपेन्सिलीएवढी झाली, की तिला 'मेगायुरेटर' म्हणतात. शब्द भयंकर वाटतो. तो फक्त माप सांगतो, कारण सांगत नाही.

कारणाकडे जाण्याआधी एक खूण पक्की करून घेऊ, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. किडनी फुगलेली आहे पण खालची नळी दिसत नाही, तर अडथळा बहुधा किडनी आणि नळीच्या सांध्यावर आहे. किडनी फुगली आणि नळीही मूत्राशयापर्यंत फुगलेली, तर भानगड त्याखाली आहे: नळी मूत्राशयात शिरते त्या दारात, खुद्द मूत्राशयात किंवा त्याच्याही खाली मूत्रमार्गात. दोन्ही बाजूंच्या नळ्या फुगलेल्या, मूत्राशयाची भिंत जाड, लघवी करूनही मूत्राशय रिकामं होत नाही आणि बाळ मुलगा आहे, तर डॉक्टर घड्याळाकडे बघू लागतात. २०१४ साली रेडिओलॉजी, मूत्रशल्य, बालमूत्रपिंडरोग आणि गर्भचिकित्सा या शाखांच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून मूत्रमार्गाच्या फुगीची एक सामायिक वर्गवारी ठरवली. किडनीची फुगी थोडीच असली तरी मूत्रवाहिनी फुगलेली असेल तर त्यात बाळ सौम्य गटात राहत नाही, वरच्या गटात जातं. रिपोर्टातल्या त्या एका ओळीला एवढं वजन आहे.

आता कारणं. मूत्रवाहिनी मूत्राशयाला काटकोनात भोक पाडून आत शिरत नाही. ती भिंतीतून तिरपी, बोगद्यासारखी जाते. मूत्राशय भरलं की हा बोगदा दाबला जातो आणि लघवी मागे फिरू शकत नाही. ना झाकण, ना बिजागरी, नुसत्या तिरपेपणातून तयार झालेली झडप. मला शरीररचनेतल्या ज्या गोष्टींचं मनापासून अप्रूप वाटतं, त्यांत हा बोगदा फार वरचा आहे. त्याची लांबी नळीच्या जाडीच्या साधारण पाचपट असावी लागते, हे १९५९ साली पॅक्विन या शल्यविशारदाने मांडलं आणि आजही शस्त्रक्रिया करणारे हाच हिशेब डोक्यात ठेवतात. काही मुलांत हा बोगदा आखूड असतो. मग प्रत्येक वेळी लघवी करताना थोडी लघवी वर किडनीकडे परतते. याला रिफ्लक्स म्हणतात. त्याच्या पाच पायऱ्या मानल्या आहेत. पहिल्या दोन पायऱ्यांवर नळी फुगतच नाही, त्यामुळे सोनोग्राफी अगदी स्वच्छ येऊनही रिफ्लक्स असू शकतो. तिसरीपासून पुढे ती फुगते, आणि पाचवीत नागमोडी वळणं घेते. मूल वाढतं तसा बोगदा लांबतो आणि खालच्या पायऱ्यांवरचा रिफ्लक्स बहुतेक मुलांत आपोआप जातो.

दुसरं कारण अडथळ्याचं. मूत्रवाहिनीच्या अगदी शेवटच्या तुकड्यात स्नायूंची लाट पुढे जात नाही. भोक बंद नसतं, पण तो तुकडा हालत नाही, आणि वरची नळी ढकलून ढकलून रुंद होत जाते. हे मुलींपेक्षा मुलग्यांत आणि उजवीपेक्षा डाव्या बाजूला जास्त आढळतं. कधी नळीचं टोक मूत्राशयात फुग्यासारखं पसरतं, त्याला युरेटेरोसील म्हणतात. तिसरा प्रकार सगळ्यांत समाधानाचा: रिफ्लक्स नाही, अडथळाही नाही, नळी गर्भात फुगली होती ती अजून मिटली नाही, इतकंच. आणि क्वचित अडथळा आणि रिफ्लक्स दोन्ही एकाच नळीत नांदतात. याखेरीज जंतुसंसर्ग झाला असता काही जंतूंच्या विषाने नळीचे स्नायू तात्पुरते लुळे पडून ती फुगते. आणि ज्या मुलाला आजारामुळे सतत भरमसाट लघवी होते, त्याच्या नळ्याही नुसत्या पाण्याच्या लोंढ्याने रुंद होतात.

चित्रात या सगळ्या नळ्या सारख्याच काळ्या, लांबट दिसतात. म्हणूनच एका सोनोग्राफीवरून ऑपरेशनचं बोलणारा आणि त्याच सोनोग्राफीवरून 'काही नाही, विसरून जा' म्हणणारा, दोघेही घाई करत असतात.

बहुतेक गोष्ट गर्भातच सुरू होते. बाळ तिसऱ्या महिन्यापासून लघवी तयार करू लागतं आणि पाचव्या महिन्यापासून गर्भजलाचा मोठा हिस्सा त्याची लघवीच असते. त्यामुळे गर्भजल कमी होणं ही मूत्रमार्गाविषयीची एक मोठी बातमी असते. अठरा ते वीस आठवड्यांच्या तपासणीत किडनीच्या मधल्या पसरट भागाची पुढून मागे रुंदी मोजतात. २८ आठवड्यांच्या आत ४ मिलिमीटर किंवा जास्त, त्यानंतर ७ मिलिमीटर किंवा जास्त, आणि जन्मानंतर १० मिलिमीटर किंवा जास्त भरली तर ती नोंदवायची. शंभर गर्भांमागे एक ते पाच बाळांत अशी फुगी दिसते आणि त्यांतल्या बहुतेकांत ती जन्मानंतर काही महिन्यांत मावळते. मालेगावच्या पाच लाखांच्या आसपासच्या वस्तीत हा आकडा काय होतो, याचा अंदाज कोणीही करावा. हा विरळा आजार नव्हे, हे आधी मनाशी धरावं.

महाराष्ट्रात गर्भाच्या सोनोग्राफीबद्दल बोलताना कायदा बाजूला ठेवता येत नाही. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा देशात सर्वांत आधी आपल्याच राज्याने १९८८ मध्ये केला; केंद्राचा १९९४ मध्ये आला. तो हवाच. पण त्यातून एक नाजूक पेच उभा राहतो. मूत्रमार्गाच्या मागच्या भागात पडदे असण्याचा, म्हणजे पोस्टेरियर युरेथ्रल व्हॉल्व्हचा आजार फक्त मुलग्यांना होतो. त्यामुळे गर्भातल्या बाळात त्याची शंका आली, तर तिचं नाव उच्चारणं म्हणजे लिंग सांगणंच. चांगला सोनोलॉजिस्ट मग फक्त जे दिसलं ते लिहितो: मूत्राशय मोठं आणि जाड भिंतीचं, दोन्ही मूत्रवाहिन्या फुगलेल्या, गर्भजल इतकं, जन्मल्याबरोबर तपासणी करावी. एवढं पुरतं. आईबापांनी 'आजाराचं नाव का नाही सांगत' म्हणून त्याच्याशी भांडू नये.

खरी गळती यानंतर होते, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत दुखरी जागा हीच आहे. समजा, सोनोग्राफी मालेगावात झाली आणि रिपोर्टात फुगीची ओळ आली. पहिलटकरीण आठव्या महिन्यात माहेरी गेली. माहेर भिवंडीला असेल, धुळ्याला असेल, बऱ्हाणपूरला असेल. माग असलेल्या गावांत सोयरिकी जुळतात. बाळंतपण तिथल्या दवाखान्यात झालं. फाइल मात्र आईच्या नावाची, आईच्या पिशवीत, प्लास्टिकच्या कव्हरात. बाळाला तपासणाऱ्या डॉक्टरने ती पाहिलीच नाही, कारण कोणी दाखवली नाही; आणि दाखवली नाही, कारण बाळ गुटगुटीत होतं, रडत होतं, दूध पीत होतं, लंगोट ओले करत होतं. किडनीत पाणी तुंबलेलं बाळ बाहेरून अगदी छान दिसू शकतं. सव्वा महिन्याने बाई सासरी परतली तोवर त्या ओळीवर धूळ बसलेली. मग आठव्या महिन्यात बाळाला थंडी वाजून ताप येतो, तो मलेरिया, टायफॉइड, दात येणं अशा वळणांनी जातो आणि बऱ्याच उशिरा कोणीतरी लघवी तपासायला सांगतं.

खरं तर वेळापत्रक सरकारने आधीच आखून दिलेलं आहे. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला बघायला आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. भारतातल्या बालमूत्रपिंडरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सुचवलेली जन्मानंतरची पहिली सोनोग्राफी तिसऱ्या ते सातव्या दिवसांतली, आणि दुसरी चार ते सहा आठवड्यांची. म्हणजे पहिली आशाताईंच्या पहिल्या दोन भेटींमध्ये बसते आणि दुसरी दीड महिन्याच्या लसीच्या डोसाशी जुळते. माता-बाल संरक्षण कार्डावर, बाळाच्या पानावर, गर्भातलं माप आणि 'सोनोग्राफी बाकी' एवढे दोन शब्द कोणी पेनाने लिहिले, तर ती ओळ माहेर-सासरच्या प्रवासात हरवणार नाही. कार्ड लसीच्या प्रत्येक डोसाला निघतं. फाइल निघत नाही.

तिसऱ्या दिवसाआधी का नको? जन्मानंतरचे पहिले दोन दिवस बाळ कमी लघवी करतं. पाटात पाणीच नसेल तर तुंबलेलं दिसणार कुठून? त्या काळात केलेली सोनोग्राफी खोटा दिलासा देऊ शकते. मालेगावचा मे महिना ४२-४३ अंशांचा. उन्हाळ्यात जन्मलेल्या, अंगावर नीट न पिणाऱ्या बाळात हे आणखी ठळक होतं. मात्र याला अपवाद आहे. दोन्ही किडन्या फुगलेल्या, किंवा एकच किडनी आणि तीही फुगलेली, गर्भजल कमी झालेलं, किंवा मुलग्याचं मूत्राशय जाड भिंतीचं असेल, तर थांबायचं नाही, पहिल्या एक-दोन दिवसांतच तपासायचं. मूत्रमार्गातले पडदे पाच ते आठ हजार मुलग्यांत एखाद्याला असतात. १९१९ साली ह्यू हॅम्प्टन यंग या मूत्रशल्यविशारदाने त्यांचे प्रकार सांगितले. अशा बाळाला आधी बारीक नळी घालून मूत्राशय मोकळं करतात आणि मग दुर्बिणीतून पडदे काढतात. इथे उशिराची किंमत दोन्ही किडन्या मोजतात. लघवीची धार कशी आहे, हे आजी जितकं चटकन सांगेल तितकं यंत्र सांगणार नाही. मुलग्याची धार लांब उडते की थेंब थेंब गळते, कुंथून येते का, हे डॉक्टरला आवर्जून सांगावं.

तान्ह्या बाळाची सोनोग्राफी ही मोठ्यांच्या सोनोग्राफीची छोटी आवृत्ती नाही. पोटावर गार जेल पडलं की बाळ शू करतं, आणि मूत्राशय रिकामं झालं की मूत्रवाहिनीचं खालचं टोक बघायची खिडकीच मिटते. म्हणून जाणकार माणूस आधी मूत्राशयावर प्रोब ठेवतो, त्यामागच्या नळ्या मोजतो आणि मग किडनीकडे वळतो. बाळ दूध पिऊन आलेलं असावं. जेल कोमट केलेलं असेल तर उत्तम. नवजात किडनीतले काही त्रिकोणी भाग मुळातच इतके काळे दिसतात की नवख्या डोळ्याला तिथे पाणी साठल्याचा भास होतो. किडनीपाशीची रक्तवाहिनी नळीसारखी दिसते. कलर डॉपलर लावला की तिच्यात रंग वाहतो आणि शंका मिटते. मूत्राशय भरलेलं असताना फुगलेली नळी लघवी झाल्यावर मिटली, तर तेही लिहायचं. एकदा फुगलेली दिसणारी आणि पाच मिनिटांनी मिटलेली नळी रिफ्लक्सकडे बोट दाखवते. रिपोर्टात 'सौम्य सूज' एवढंच न लिहिता मिलिमीटर लिहिले, कोणत्या जागी मोजले, मूत्राशय भरलेलं होतं की रिकामं हे लिहिलं, तर तीन महिन्यांनी दुसऱ्या गावात केलेल्या तपासणीशी ते ताडून बघता येतं. शब्दांची तुलना होत नाही, आकड्यांची होते. 'सौम्य' कोणाचं किती, हे कोण ठरवणार?

सोनोग्राफीने फुगी दिसते, पण पाणी कोणत्या दिशेने जातं हे दिसत नाही. त्यासाठी एमसीयू नावाची तपासणी आहे. बाळाच्या लघवीच्या जागेतून सलाइनच्या नळीपेक्षाही बारीक नळी मूत्राशयात घालतात, एक्स-रेत दिसणारं औषध हळूहळू आत सोडतात आणि बाळ लघवी करत असताना फिल्म घेतात. ती लघवीच्या क्षणाची फिल्म हाच या तपासणीचा प्राण. मूत्राशय भरतानाच्या दहा फिल्म घेतल्या आणि लघवी करताना एकही नाही, तर पैसे आणि बाळाचं रडणं दोन्ही वाया. मुलग्याला थोडं कुशीवर वळवून पूर्ण मूत्रमार्ग फिल्ममध्ये आणावा लागतो, नाहीतर पडदे निसटतात. ही तपासणी त्रासाची आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. भूल सहसा देत नाहीत, कारण बाळाने स्वतः लघवी करायला हवी असते. जेलने जागा बधिर करतात, आईला जवळ उभं राहू देतात, आधी आणि नंतर संसर्ग टाळायला प्रतिजैविक देतात. ताप असताना किंवा लघवीत जंतू असताना ती करत नाहीत. आणि ती सरसकट करण्याचे दिवस गेले. एका बाजूची थोडीशी फुगी, नळी दिसत नाही, मूत्राशय निरोगी, ताप नाही, तर एमसीयूची गरज बहुधा पडत नाही. मूत्रवाहिनी फुगलेली असेल, फुगी मोठी असेल किंवा लघवीच्या संसर्गाचा ताप आला असेल, तर मात्र ती टाळण्याने बाळाचं हित होत नाही. काही देशांत आता एक्स-रेऐवजी मूत्राशयात सूक्ष्म बुडबुड्यांचं औषध सोडून सोनोग्राफीनेच रिफ्लक्स बघतात. अमेरिकेत त्या औषधाला मुलांमधल्या या वापरासाठी २०१६ मध्ये परवानगी मिळाली. आपल्याकडे ती सोय अजून मोजक्याच ठिकाणी आहे.

एमसीयूत रिफ्लक्स दिसला नाही, पण नळी फुगलेलीच, तर दुसरा प्रश्न: अडथळा आहे की नुसता ढिलेपणा? याचं उत्तर आकारात नाही, वेगात आहे. त्यासाठी अणुवैद्यकाची तपासणी करतात. ईसी किंवा डीटीपीए स्कॅन असं रिपोर्टवर लिहिलेलं असतं. टेक्नेशियम ९९एम नावाचं किरणोत्सारी द्रव्य अगदी थोड्या मात्रेत शिरेतून देतात. ते किडनीतून लघवीत उतरतं आणि कॅमेरा त्याचा प्रवास टिपतो. मग लघवी वाढवणारं औषध देतात. लोंढा आला की साचलेलं सगळं धुऊन गेलं, तर वाट मोकळी. वीस मिनिटांनंतरही निम्मंसुद्धा उतरलं नाही, तर अडथळ्याचा संशय पक्का होत जातो. याच तपासणीत दोन किडन्यांमध्ये कामाची वाटणी कशी आहे तेही कळतं. निरोगी मुलात ती जवळपास अर्धी-अर्धी असते. फुगलेल्या बाजूचा वाटा ४० टक्क्यांखाली असेल किंवा तपासणीगणिक घसरत असेल, तर शल्यविशारद पुढे येतो. डीएमएसए हे याचंच भावंड, पण त्याचा प्रश्न वेगळा: संसर्गाने किडनीवर कायमचे व्रण पडले का? ते ताप गेल्यावर चार-सहा महिन्यांनी करतात, कारण त्याआधी ताजी जखम आणि जुना व्रण वेगळे ओळखता येत नाहीत.

'किरणोत्सारी' म्हटल्यावर आईचा हात बाळाभोवती घट्ट होतो. टेक्नेशियमचा किरणोत्सार सहा तासांनी निम्मा होतो, म्हणजे दुसऱ्या दिवशी त्याच वेळी सोळावा हिस्साही जेमतेम उरतो, आणि बरंचसं त्याआधीच लंगोटात उतरलेलं असतं. एक दिवस लंगोट बदलल्यावर साबणाने हात धुवायचे, एवढीच काळजी पुरे. या विद्येचं भारतातलं एक जुनं घर मुंबईत आहे: परळला टाटा मेमोरियलच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून चालू आहे. त्याच परळमध्ये १९२९ सालापासूनचं वाडिया बालरुग्णालय. मालेगावला रेल्वे नाही. मनमाड गाठायचं, पहाटेची पंचवटी एक्सप्रेस पकडायची, दादरला उतरायचं, असा हा प्रवास इथल्या कितीतरी कुटुंबांच्या अंगवळणी पडलेला आहे. प्रत्येक वेळी तो करावाच लागतो असं नाही. पन्नासेक किलोमीटरवर धुळ्याचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, ज्याला मालेगाव तालुक्यातल्या निमगावच्या भाऊसाहेब हिऱ्यांचं नाव आहे. दुसऱ्या बाजूला शंभरेक किलोमीटरवर नाशिक. कोणती तपासणी जवळ होईल आणि कशासाठी परळ गाठायचं, हे बालरोगतज्ज्ञाला आधी विचारून निघालं तर रोजंदारी बुडवून मारलेली एखादी फेरी तरी वाचते.

सीटी स्कॅनचा मोह मात्र आवरायला हवा. तो पटकन होतो, चित्र सुरेख येतं, पण तान्ह्या शरीराला किरणांची मात्रा देऊन तो जे सांगतो, ते बहुतेक वेळा सोनोग्राफीने आधीच सांगितलेलं असतं. रचना फारच गुंतागुंतीची असेल तर एमआर युरोग्राफी, म्हणजे मूत्रमार्गाचा एमआरआय, बरी. एका मुलीची गोष्ट इथे समजून घ्यावी, कारण तशा मुली बोलणी खात मोठ्या होतात. ती चार वर्षांची आहे, रीतसर शू करते, तरी तिची चड्डी कधीच कोरडी नसते. घरचे 'आळशी' म्हणतात, शाळेत चिडवतात. अशा मुलीत कधी एका किडनीला दोन नळ्या असतात आणि वरच्या भागाची नळी मूत्राशयात न उघडता त्याच्याही खाली, लघवी रोखणाऱ्या स्नायूच्या पलीकडे उघडते. ती थेंब थेंब गळणारच. सोनोग्राफीत मूत्राशयाच्या मागे फुगलेली नळी दिसते. ती जाते कुठे हे एमआर दाखवतो. शस्त्रक्रियेनंतर ती मुलगी आयुष्यात पहिल्यांदा कोरडी राहते.

मोठ्या मुलांत आणखी एक साधी गोष्ट नजरेतून सुटते: बद्धकोष्ठ. चार-चार दिवस शौचाला न होणाऱ्या, शाळेतलं शौचालय नको म्हणून दिवसभर लघवी दाबून ठेवणाऱ्या मुलाचं भरलेलं गुदाशय मूत्राशयाला दाबतं, मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही, संसर्ग होतात, नळ्या फुगतात. याला औषध पोट साफ ठेवण्याचं आणि ठरलेल्या वेळी लघवीला बसवण्याचं. आणि शाळेच्या शौचालयाला पाणी असण्याचं.

मुलांमधले दोष लवकर शोधणाऱ्या सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघरहून झाली. जन्मजात दोषांच्या त्याच्या मूळ यादीत नऊ नावं आहेत: दुभंगलेला ओठ, वाकडे पाय, जन्मजात मोतीबिंदू, हृदयाचे दोष वगैरे. मूत्रमार्ग त्यात नाही, आणि असता तरी नुसत्या डोळ्यांनी तो कोणाला दिसला नसता. त्याची भिस्त सोनोग्राफीच्या त्या एका कागदावर आहे.

उपचारांबद्दल थोडक्यात, कारण बहुतेकांच्या वाट्याला फक्त वाट पाहणं येतं. जन्मजात मेगायुरेटरची बहुसंख्य मुलं शस्त्रक्रियेविना सुधारतात. नळी दहा मिलिमीटरपेक्षा जास्त रुंद असेल तर शक्यता कमी होते. या काळात काही बाळांना रात्री प्रतिजैविकाचा बारीक डोस देतात, ताप आला की इतर काही करण्याआधी लघवी तपासतात, आणि ठरल्या अंतराने सोनोग्राफी. किडनीचं काम घसरलं किंवा फुगी वाढत गेली तर शस्त्रक्रिया: वर्षाच्या आत शक्यतो तात्पुरती नळी आत ठेवून वेळ काढतात, वर्षानंतर मूत्रवाहिनी सोडवून, तिचा शेवटचा तुकडा कापून, नव्या तिरप्या बोगद्यातून पुन्हा मूत्राशयात बसवतात.

मालेगावात माग शुक्रवारी बंद असतात. बाप घरी असतो, दवाखाना उघडा असतो, त्यामुळे पुढची सोनोग्राफी शुक्रवारची मागून घ्यावी. जुने सगळे रिपोर्ट बरोबर न्यावेत, बाळाला तिथे पोहोचल्यावर पाजावं, लंगोट कोरडा असल्याचं आत जाण्याआधी सांगावं. पहिल्या रिपोर्टात डावी मूत्रवाहिनी ९ मिलिमीटर असेल, दीड महिन्याला ८, सहाव्या महिन्याला ६. आणि दुसऱ्या वाढदिवसाच्या सुमारास डॉक्टर मूत्राशयावर प्रोब ठेवून बराच वेळ शोधतील, बाळाला कुशीवर वळवतील, पुन्हा शोधतील, आणि रिपोर्टात लिहितील: डावी मूत्रवाहिनी दिसली नाही.